पॅराग्लायडिंग शिकायचंय? मग शिकवणाऱ्याकडे आधी नीट बघा

टँडेम उड्डाण करून आलं की फोटो झकास येतात. पण त्यात उडतो तो मागे बसलेला पायलट. आपण पुढे बसून फक्त बघत असतो. तरीही त्या दहा-पंधरा मिनिटांत काही जणांच्या डोक्यात किडा शिरतो आणि घरी पोचायच्या आतच फोनवर शोधाशोध सुरू होते: हे आपल्याला एकट्याला जमेल का, किती दिवस लागतात, कुठे शिकवतात, पडलो तर?

जमतं. धडधाकट गुडघे, पळण्यापुरता दम आणि सांगितलेलं ऐकायची तयारी असलेल्या बहुतेकांना जमतं. पडण्याचं म्हणाल तर पुढे सगळं त्यावरच आहे.

आधी एक फरक लक्षात घ्या. विमानाचा पायलट व्हायचं तर डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) नियम, वैद्यकीय तपासणी, लेखी परीक्षा, व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण अशी सगळी चाळणी सरकारने लावून ठेवली आहे. तिथे शिकवणाऱ्यालाही प्रशिक्षकाचं वेगळं रेटिंग लागतं. आपल्याकडे हौशी पॅराग्लायडिंगला तशी चाळणी नाही. बहुतेक डोंगरांवर पंख उघडणाऱ्याकडे कुणी परवाना मागत नाही. म्हणजे विमानाच्या बाबतीत जी पारख सरकार तुमच्यासाठी करतं, ती इथे तुम्हालाच करायची असते, तीही ज्या गोष्टीतलं तुम्हाला अजून काहीच कळत नाही त्या गोष्टीची. म्हणून कोर्स कुठला घ्यायचा यापेक्षा कुणाकडे शिकायचं हा प्रश्न मोठा. आणि त्याचं उत्तर शोधायला, हे यंत्र उडतं कसं याची थोडी तरी जाण हवी.

इंजिन नाही, मग उडतं कसं

पॅराग्लायडर हा पॅराशूटचाच वंशज. 1978 साली फ्रान्समधल्या मिएस्सी गावात काही पॅराशूटवाल्यांनी विमानाचा खर्च वाचवायला डोंगराच्या उतारावरून पळत उडी घेतली, तिथून हा खेळ पसरला. पण आजच्या पॅराग्लायडरचं काम पॅराशूटच्या उलट आहे. पॅराशूट तुम्हाला हळू पाडतं. पॅराग्लायडर तुम्हाला पुढे नेतं.

कापडाचे दोन थर, मध्ये कप्पे, आणि कप्प्यांची तोंडं पुढच्या बाजूला उघडी. पळायला लागलं की त्या तोंडांतून हवा आत शिरते, कापड फुगतं आणि त्याला विमानाच्या पंखासारखा आकार येतो. आत ना काडी ना नळी. पुढच्या कडेला फार तर प्लॅस्टिकच्या बारीक पट्ट्या. आकार धरून ठेवते ती हवाच. जेमतेम एक-दोन मिलिमीटर जाडीच्या दोऱ्यांनी हा पंख तुमच्या हार्नेसला, म्हणजे अंगावर बांधलेल्या पट्ट्यांच्या आसनाला, जोडलेला असतो. दोऱ्या बघून नवख्याच्या पोटात गोळा येतो, पण ज्या युरोपीय चाचणीतून हे पंख जातात तिच्यात ते वजनमर्यादेच्या आठपट भाराला टिकावे लागतात. आकाशात दोऱ्या तुटून माणूस पडला, असं सहसा होत नाही. अपघात होतात ते वाऱ्याचा अंदाज चुकल्याने, चुकीच्या वेळी चुकीच्या जागी असल्याने, आणि घाईने.

आता तीन आकडे. शिकाऊ पंखाचा हवेतला नेहमीचा वेग ताशी साधारण 36 ते 38 किलोमीटर. स्थिर हवेत तो दर सेकंदाला सव्वा मीटरच्या आसपास खाली येतो. म्हणजे एक मीटर उंची खर्च करून सुमारे आठ मीटर पुढे जातो. शंभर मीटरच्या टेकडीवरून निघालात तर दीड मिनिटाच्या आत पाय जमिनीला लागतात, टेक-ऑफपासून सात-आठशे मीटरवर. पहिलं उड्डाण एवढंच असतं. तासभर हवेत राहणारे लोक दिसतात ते पंख वर चढतो म्हणून नव्हे. पंख कायम खालीच येत असतो. ते ज्या हवेत आहेत ती हवाच त्याहून जोरात वर जात असते. कधी डोंगराला आपटून वर वळलेला वारा, कधी तापलेल्या जमिनीवरून उठलेला गरम हवेचा स्तंभ, ज्याला थर्मल म्हणतात. घारी पंख न हलवता गोल गोल चढताना दिसतात ना, त्या थर्मलमध्येच असतात. अनुभवी पायलट आधी घारी शोधतात.

दोन्ही हातांत ब्रेकचे हँडल. उजवं ओढलं की उजवीकडे वळण, डावं ओढलं की डावीकडे, दोन्ही थोडे ओढले की वेग कमी. जमिनीपासून एक-दीड मीटरवर दोन्ही पूर्ण ओढले की पंख थबकतो आणि पाय अलगद टेकतात. हेच उंचावर केलं तर पंख उडणं सोडतो, त्याला स्टॉल म्हणतात. घाबरलेला माणूस हातात येईल ते खाली ओढतो. शिकवणाऱ्याचा निम्मा वेळ ही सवय मोडण्यात जातो. ‘हात वर’ हे दोन शब्द तुम्ही कोर्सभर इतक्यांदा ऐकाल की घरच्यांशी बोलतानाही हात वर जातील.

वारा: सगळा अभ्यासक्रम खरं तर हाच

नवख्याला वाटतं की वारा जास्त तर उडायला सोपं. याच्याइतका महागात पडणारा गैरसमज दुसरा नाही.

पोहणारा माणूस नदीत प्रवाहाच्या उलट हात मारतोय असं समजा. त्याचा वेग आणि पाण्याचा वेग सारखा असेल तर काठावरून बघणाऱ्याला तो जागच्या जागी दिसेल. पाणी वाढलं की हात मारत मारत तो मागे जायला लागेल. पॅराग्लायडरचं तसंच. पंखाचा वेग ताशी 36 किलोमीटर. समोरून 15 चा वारा असेल तर जमिनीवरून तुम्ही 21 ने पुढे सरकता. 36 चा असेल तर जागेवर लटकलेले. 40 चा झाला तर तोंड दरीकडे आणि तुम्ही निघालात मागे, डोंगराच्या माथ्यावरून पलीकडे. आणि पलीकडे काय असतं? डोंगर ओलांडून गेलेला वारा पाठीमागच्या बाजूला खाली कोसळतो, भोवरे करतो. त्याला रोटर म्हणतात. तिथे पंख मिटतो, आणि जमीन जवळ असल्यामुळे तो पुन्हा उघडायला उंची उरत नाही.

दुसरी गोष्ट वाऱ्याच्या जोराची. वेग दुप्पट झाला की पंखावरचा जोर दुप्पट होत नाही, चौपट होतो. 15 च्या वाऱ्यात पंख तुम्ही आरामात धरून उभे राहता. 30 मध्ये तोच पंख तुम्हाला फरफटत नेतो. नवख्यांसाठी साधारण 10 ते 18 किलोमीटरचा, एकसारखा आणि थेट समोरून येणारा वारा चांगला. यातला ‘एकसारखा’ हा शब्द आकड्याहून महत्त्वाचा. सरासरी 15 पण मधूनच 26 चा झोत, हा दिवस शिकाऊंचा नाही.

आणि वेळ. उन्हाळ्यात दुपारी कातळ तापतो, थर्मल जोरात उठतात, हवा ढवळून निघते. ज्या हवेत मुरलेले पायलट लांब पल्ल्याची उड्डाणं करतात, त्याच हवेत नवख्याचा पंख कोलमडू शकतो. म्हणून शिकाऊंचे तास सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर. मधला वेळ सावलीत, वहीत आकृत्या काढण्यात. दुपारी बाराला, उन्हाच्या भर कडाक्यात पहिल्या आठवड्यातल्या मुलांना कुणी डोंगरावरून सोडत असेल, तर तिथून निघून जायला पुरावा म्हणून तेवढं बास.

जमिनीवरचे दिवस

महाराष्ट्रात शिकायचं म्हटलं की पहिलं नाव कामशेतचं. पुणे-लोणावळा लोकल थेट तिथे थांबते, आणि आसपासच्या मावळातल्या टेकड्या नवख्यांना हव्या तशाच आहेत: फार उंच नाहीत, माथ्यावर गवत, खाली मोकळी शेतं. ऑक्टोबर ते मे हा हंगाम. पावसाळ्यात बंद. पाचगणीतही उड्डाणं होतात, पण तिथले डोंगर उंच आणि खालची जागा शिकाऊसाठी अवघड. हिमाचलमधलं बीड-बिलिंग जगप्रसिद्ध, 2015 साली तिथे पॅराग्लायडिंगचा विश्वचषक झाला. पण बिलिंगचं टेक-ऑफ समुद्रसपाटीपासून सुमारे 2400 मीटरवर आहे आणि खालचं लँडिंग त्याच्या हजारेक मीटर खाली. पहिलं एकट्याचं उड्डाण करायची ती जागा नव्हे. आधी छोटी टेकडी, मग मोठी, मग हिमालय.

कोर्स साधारण पी-वन, पी-टू, पी-थ्री अशा टप्प्यांत विकले जातात. पी-वनमध्ये जमिनीवरचं काम आणि छोट्या उतारावरून लहान उड्या. पी-टूमध्ये उंचावरून सरळ उड्डाण, वळणं, ठरल्या जागी उतरणं. फी हंगामागणिक बदलते, म्हणून आकडा देत नाही. पण फीपेक्षा एक गोष्ट विचारून घ्या: वाऱ्यामुळे दिवस वाया गेला तर तो पुन्हा मिळतो का? चांगल्या ठिकाणी मिळतो. जिथे मिळत नाही तिथे शिकवणाऱ्यावरही दबाव असतो आणि तुमच्यावरही, आज काहीही करून उडायचंच. त्या दबावाखाली कुणाचंच डोकं धड चालत नाही.

पहिले एक-दोन दिवस तुम्ही उडत नाही. मैदानावर पंख अंथरायचा, घोड्याच्या नालासारखा गोलाकार. दोऱ्या एकेक सोडवायच्या. करवंदाच्या जाळीचा एक काटा, वाळलेल्या गवताची एक काडी दोरीत अडकली तरी पंख वाकडा उठतो. हार्नेस घालायचं, वाऱ्याकडे तोंड, रायझर (दोऱ्या हार्नेसला जोडणारे पट्टे) दंडांवर, आणि पळायचं. पंख डोक्यावर येतो, जरा पुढे झेपावतो, बाजूला कलतो. कलला त्या बाजूला तुम्ही पळायचं. मनाला विरुद्ध बाजूला जावंसं वाटतं. मागून आरडाओरडा: ‘पळ! पंखाखाली जा! थांबू नको!’ पाच मिनिटांत शर्ट ओला. मग पाठमोरं उभं राहून तेच: पंखाकडे तोंड, वाऱ्याकडे पाठ, पंख उचलायचा, डोळ्यांनी तपासायचा, मग गर्रकन वळायचं.

याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात आणि नव्वद टक्के विद्यार्थी याला कंटाळतात. (आकडा माझ्या अंदाजाचा, मनावर घेऊ नका.) पैसे भरले ते उडायला आणि इथे शेतात धूळ खातोय, असा चेहरा. पण पंख डोक्यावर धरून ठेवता येणं हेच उड्डाणाचं मूळ कौशल्य. बहुतेक गडबडी टेक-ऑफला आणि लँडिंगला होतात, आणि त्या दोन्ही जमिनीवर शिकता येतात. शिकवणारा हे किती दिवस करून घेतो, स्वतः उन्हात उभा राहतो की झाडाखाली बसून मोबाइल बघतो, पंख पडल्यावर ‘परत कर’ एवढंच म्हणतो की ‘डावा हात आधी गेला, म्हणून’ असं कारण सांगतो, हे नीट बघा. त्यातून माणूस कळतो.

मग तो दिवस येतो. माथ्यावर तुम्ही, हेल्मेटमध्ये किंवा छातीवर वॉकी-टॉकी. तपासणी रोज तीच, त्याच क्रमाने: हेल्मेटचा पट्टा, पायांचे दोन पट्टे, छातीचा पट्टा, दोन्ही कॅराबिनर (पंख हार्नेसला अडकवणाऱ्या कड्या) बंद, अडीअडचणीसाठीच्या रिझर्व्ह पॅराशूटची पिन जागेवर, दोऱ्या मोकळ्या, वारा समोरून, समोर आकाश मोकळं. पायांचे पट्टे न लावता पळालेला माणूस हवेत गेल्यावर काखेत लटकतो, आणि हे अनुभवी लोकांच्या बाबतीतही घडलेलं आहे. फोनवर बोलताना, कुणी गप्पा मारत असताना तपासणी करायची नाही. मध्येच व्यत्यय आला तर पहिल्यापासून.

रेडिओवर आवाज येतो, ‘ऐकू येत असेल तर पाय हलव.’ रेडिओ तुमच्याकडे फक्त ऐकण्यापुरता. हात ब्रेकमध्ये, बटण दाबणार कोण? म्हणून हवेतला विद्यार्थी पाय झाडून होकार देतो. खालून बघणाऱ्याला ते विनोदी दिसतं. वरच्याला अजिबात नाही.

शिकवणारा पारखायचा कसा

सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. टँडेम पायलट आणि प्रशिक्षक यांना लोक एकच समजतात. टँडेम उडवणारा स्वतःच्या हाताने पंख सावरतो. प्रशिक्षकाला दुसऱ्याच्या हातातला पंख, दोनशे मीटर लांबून, केवळ बघून आणि बोलून सावरायचा असतो. विद्यार्थ्याची चूक दिसायच्या अर्धा सेकंद आधी ओळखायची आणि ती सुधारायला दोन शब्दांहून जास्त वापरायचे नाहीत. हजारो टँडेम केलेला माणूस यात कच्चा असू शकतो. म्हणून ‘किती वर्षं उडताय’ याच्यापुढे ‘किती वर्षं शिकवताय, आणि शिकवायचं कुठे शिकलात’ हा प्रश्न विचाराच. ब्रिटनची बीएचपीए, आंतरराष्ट्रीय एपीपीआय अशा संघटना प्रशिक्षकांना वेगळं प्रशिक्षण आणि वेगळं प्रमाणपत्र देतात. भारतातही पॅराग्लायडिंगच्या संघटना आहेत. कागद मागायला लाजू नका. ज्याच्याकडे आहे तो आनंदाने दाखवतो.

महाराष्ट्र सरकारने 2021 मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं. त्यानुसार अशा संस्थांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, विमा आहे का, जवळचं हाडांचं इस्पितळ कुठलं आणि तिथे न्यायला गाडी कुठे उभी असते, हे तिन्ही प्रश्न एका दमात विचारा. तिसऱ्याचं उत्तर अडखळत आलं, तर पहिल्या दोनांचे कागद कितीही गुळगुळीत असोत, जरा थांबा.

पण कागद ही पहिली पायरी. माझं मत विचाराल तर पैसे भरण्याआधी एक शनिवार मोकळा काढा आणि त्यांच्या टेक-ऑफवर जाऊन नुसते बसा. बिस्किटाचा पुडा, पाण्याची बाटली, टोपी. कुणी हाकलत असेल तर तेही उत्तरच समजा.

काय बघायचं? टेक-ऑफला एक आणि खाली लँडिंगला एक, अशी दोन माणसं आहेत का? एकच माणूस वरून सोडतो आणि रेडिओवर खालचं लँडिंगही सांभाळतो, तर त्याला विद्यार्थ्याच्या पायाखालची जमीन दिसतच नसते. एका वेळी हवेत किती विद्यार्थी? नवख्यांमध्ये एकाच वेळी दोघांना रेडिओवर सांभाळणं म्हणजे ‘डावीकडे वळ’ म्हटल्यावर दोघंही वळणार. विद्यार्थ्याला नावाने हाक मारतो की ‘ए निळा हेल्मेट’? नावाने बोलावणाऱ्याला त्या विद्यार्थ्याच्या कालच्या चुका आठवत असण्याची शक्यता जास्त.

उड्डाण झाल्यावर काय होतं तेही बघा. पंख गुंडाळून, घाम पुसून मुलगा वर आला. शिकवणारा त्याच्याशी दोन मिनिटं बोलतो का? ‘शाबास, मस्त’ हे कौतुक झालं, शिकवणं नव्हे. ‘शेवटच्या वळणाला उंची कमी होती, तेव्हा वळायलाच नको होतं, सरळ शेतात उतरायचं,’ हे शिकवणं. आणि मुलालाच आधी ‘तुला काय वाटलं?’ असं विचारणारा भेटला, तर त्याचा नंबर सेव्ह करून घ्या.

मात्र सगळ्यात जास्त कळतं ते वारा बिघडतो तेव्हा. मी एका टेकडीवर एका प्रशिक्षकाला सहा विद्यार्थ्यांसह दुपारी साडेतीनपासून संध्याकाळपर्यंत बसलेलं बघितलंय. पंख बाहेर काढलेच नाहीत. विंडसॉक, म्हणजे वारा दाखवणारी कापडी नळी, मध्येच ताठ, मध्येच ढिला. बाजूला दुसरा गट आला, त्यांनी दोघांना सोडलं, दोघंही नीट उतरले. मुलं चुळबुळ करायला लागली, एकाने विचारलंही, ‘सर, ते उडतायत की.’ हा म्हणाला, ‘त्यांचं त्यांच्यापाशी. तू गवताकडे बघ.’ मग त्याने प्रत्येकाला उतारावरच्या गवताचा वेगवेगळा पट्टा नेमून दिला: झोत आला की हात वर करायचा. एकेक झोत खालून वर कसा चढत येतो, टेक-ऑफला पोचायला त्याला किती सेकंद लागतात, हे सहा जणांचे हात एकामागोमाग वर जाताना दिसायला लागलं. कुणी उडालं नाही. त्या सहा जणांना वाऱ्याचं जे कळलं ते दुसऱ्या गटातल्या दोघांना कळलं नसणार.

म्हणून फोनवर चौकशी करताना एक प्रश्न ठेवा: मागच्या हंगामात किती दिवस विद्यार्थ्यांना उडवलं नाही? ‘आमच्याकडे रोज उडतात’ असं उत्तर देणारा एक तर खोटं बोलतोय किंवा खरं बोलतोय. दोन्ही वाईट.

टाळण्याजोगी माणसं ओळखणं तुलनेने सोपं. चार दिवसांत ‘पायलट’ करून देतो म्हणणारा. तुमचं वजन न विचारता पंख देणारा; प्रत्येक पंखाला वजनाची खालची आणि वरची मर्यादा असते, तीही साहित्यासकट. 65 किलोचा माणूस आणि 15 किलोचं साहित्य म्हणजे 80; ही बेरीज खालच्या मर्यादेहून कमी झाली तर पंख सैल पडून सहज मिटतो, वरच्या मर्यादेपलीकडे गेली तर वेगाने धावतो. तुमच्या जुन्या गुडघ्याच्या किंवा पाठीच्या दुखण्याची चौकशी न करणारा. रिझर्व्हची घडी शेवटची कधी घातली, हे विचारल्यावर हसणारा. ते पॅराशूट ठरावीक महिन्यांनी उघडून, हवा देऊन परत घडी घालावं लागतं, आणि त्याची तारीख लिहून ठेवलेली असते. अपघाताचा विषय काढला की ‘आमच्याकडे कधी काही झालं नाही’ म्हणून उडवून लावणारा. वर्षानुवर्षं शिकवणाऱ्याच्या विद्यार्थ्यांचे घोटे मुरगळतातच. काय झालं, त्यानंतर काय बदललं, हे सांगू शकणारा माणूस बरा.

स्वभावाचाही प्रश्न आहे, त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. काहींना ओरडणारा गुरू चालतो, काही जण आवाज चढला की गोठतात. रेडिओवर ओरडणाऱ्यामुळे तुम्ही हवेत गोठत असाल, तर तो कितीही मोठा पायलट असो, तुमच्यासाठी चुकीचा. तसं स्पष्ट सांगून दुसऱ्याकडे जा, यात अपमान कुणाचाच नाही. भाषेचंही तेच. इंग्रजी कळतं, पण घाबरल्यावर मेंदूला मराठीच समजत असेल, तर ‘डावा ब्रेक सोड’ असं सांगणारा शोधा.

कोर्स संपल्यावर

पी-टूचं कार्ड हातात आलं म्हणजे तुम्ही स्वतंत्र झालात असं नाही. एफएआय या हवाई खेळांच्या जागतिक संघटनेच्या पाच टप्प्यांच्या शिडीत ही जेमतेम दुसरी पायरी. डोंगराच्या वाऱ्यावर टिकून राहणं, थर्मलमध्ये चढणं, लांबवर जाणं हे पुढचे टप्पे. या काळात एकट्याने नव्या टेकडीवर जायचं नाही. ओळखीच्या जागी, ओळखीच्या प्रशिक्षकाच्या नजरेखाली, शक्य तितकी साधी उड्डाणं. प्रत्येकाची वहीत नोंद: तारीख, जागा, वारा, काय चुकलं.

आणि इथेच खरेदीचा मोह होतो. नवा पंख, हार्नेस, रिझर्व्ह, हेल्मेट असा संच काही लाखांत जातो, म्हणून जुन्याकडे मन वळतं. वळू द्या, पण हे बघून. पंखावर ईएन, म्हणजे मघाच्या त्या युरोपीय चाचणीचा, वर्ग लिहिलेला असतो. ए म्हणजे सगळ्यात सोशिक, डी म्हणजे फार मुरलेल्या पायलटांचा. तुमच्यासाठी ए, फार तर बी-मधला खालचा, आणि तोही शिकवणाऱ्याने ‘हो’ म्हटल्यावर. ‘बी घेतलास की दोन वर्षं बदलायला नको,’ असं म्हणणारा मित्र भेटेलच. त्याला चहा पाजा आणि विषय बदला. कापड उन्हाने मरतं, वरून चकचकीत दिसलं तरी. त्यातून हवा किती झिरपते हे यंत्राने मोजता येतं, त्या तपासणीचा कागद मागा. दोऱ्यांची लांबी वापराने बदलते, तीही मोजलेली हवी. वजनाच्या मर्यादेत तुम्ही मध्यावर किंवा जरा वर बसायला हवं. आणि विकणारा तुमचा प्रशिक्षकच असेल तर पैसे देण्याआधी तो पंख दुसऱ्या जाणकाराला दाखवून घ्या. शिकवणारा चांगला असला तरी विकताना तो विकणाराच असतो.